पाकिटावरची आई

आई, हे पत्र खरं तर नव्वद सेकंदांचं लिहायचं होतं. आम्हाला मार्केटिंग शिकवणाऱ्या सरांनी सांगितलंय की या आठवड्यात प्रत्येकीनं आपल्या आईला पत्र लिहायचं अन् ते कॅमेऱ्यापुढं वाचून दाखवायचं. शेवटच्या ओळीला आवाज भरून आला तर उत्तम, आणि आपल्या मालाचं पाकीट हातात दिसलंच पाहिजे. म्हणून सकाळची कामं उरकून मी स्वयंपाकघरात व्हिडिओसाठी घेतलेला तो गोल दिवा लावला, फोन उभा केला आणि लिहायला बसले. दिवा तापला म्हणून बंद केलाय. पत्र काही नव्वद सेकंदांत बसत नाही. तू होतीस तेव्हा तुला साधी चिठ्ठीही कधी लिहिली नाही, आणि आता लिहितेय तर आधी हेच सांगावं लागतंय की तू सध्या एका पाकिटावर आहेस.

तू गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मी ज्या क्लासच्या ऑफिसात बसायचे तो क्लासच बंद पडला. या वयात दुसरी नोकरी कोण देणार? मुकुंदवाडीच्या घरात मी आणि बाबा. बाबांना लग्नातल्या आचाऱ्यांच्या हाताखाली राहून जे येतं ते येतं, त्यातही त्यांच्या येसराला तोड नाही. तेच पाकिटात भरून विकायचं ठरवलं. शहरातल्या लोकांना आधी येसर म्हणजे काय इथून सुरुवात करावी लागते, की बाबांनो, भाजलेल्या धान्य-डाळींचं मसालेदार पीठ असतं, पाण्यात कालवून उकळलं की झणझणीत आमटी होते. गल्लीतल्यांनी घेतलं, विहारातल्या बायकांनी घेतलं, मग सगळ्यांच्या घरात एकेक डबा झाला आणि विक्री थांबली. तेव्हा कुणीतरी सिडकोतल्या या सरांचा वर्ग सुचवला. छोट्या धंद्यांना मोबाइलवर गिऱ्हाईक कसं मिळवायचं, ते शिकवतात.

सर माणूस वाईट नाही. सकाळपासून घसा कोरडा करतो, त्याचाही तो धंदाच आहे. पहिल्याच दिवशी त्यानं प्रत्येकीला उभं करून विचारलं, तुमची गोष्ट काय? मी म्हणाले, वडिलांच्या हातचं येसर. अख्खा हॉल हसला. सर म्हणाला, ताई, बापाच्या हातचं जग खात नाही, आईच्या हातचं खातं. मी म्हणाले, आई एसटीत कंडक्टर होती, तिला स्वयंपाक येत नव्हता. तरी मी तुझा खाकीतला फोटो दाखवला. त्यानं तो नीट बघितला, मान हलवली आणि म्हणाला, "ताई, खाकीतली आई बघून लोकांना सुट्टे पैसे आठवतात, भूक नाही लागत." मला हसू आलं. तुलाही आलं असतं, कारण सुट्ट्या पैशांवरून तुझी रोज कुणाशी तरी जुंपायची.

मग त्यानं फोनलाच सांगितलं, चित्र काढ, मराठवाड्यातली आई, चुलीपुढं बसलेली. फोननं क्षणात एक बाई काढून दिली. डोक्यावरून पदर, नाकात नथ, आपल्या घरात कुणी लावत नाही एवढं मोठं कुंकू, आणि हसू असं की जणू धुराची तिला फार आवड आहे. खाली अक्षरं, आईच्या हातचं. पाकीट घरी आणलं तेव्हा बाबा बाजरी भाजत होते. चष्मा पुसून त्यांनी बघितलं आणि विचारलं, ही कोण बाई? मी म्हणाले, आई आहे. ते खाली लागलेली बाजरी हलवत राहिले. जेवताना मात्र म्हणाले की खपत असेल तर असू दे, तुझी आई काय भांडायला येणार आहे?

रांधणं आणि तू, तुमचं कधी जमलंच नाही. तुझं पिठलं खालून करपलेलं आणि वरून कच्चं असायचं, हे कसब मला अजून साधलेलं नाही. तू ड्यूटीवरून यायचीस, खाकी शर्टाची वरची गुंडी सोडायचीस आणि बाबा ताट वाढायचे. शाळेतल्या मैत्रिणीकडं एकदा मी तिच्या आईच्या हातची गरम पोळी खाऊन आले आणि घरी येऊन तोंड फुगवून बसले, की सगळ्यांच्या आया घरी असतात. तू मला रागावली नाहीस. तिकिटाची पेटी पुसता पुसता म्हणालीस, "गरम पोळी बापाकडं माग. माझ्याकडं दुसरं काय पायजे ते माग." मी रुसून म्हणाले, गाडीत ने. त्या दिवाळीच्या सुट्टीत तू मला कन्नडहून पिशोरच्या गाडीत घेऊन गेलीस. अजून दिसतंय मला. गाडी खच्चून भरलीय, तू माणसांतून वाट काढत येतेयस, "सरका, पुढं सरका" म्हणत, आणि माणसं सरकतायत. कोण कुठं उतरणार, कुणाचं पोरगं दवाखान्यात आहे, सगळं तुला ठाऊक. पिशोरला ड्रायव्हर गाडी मागं घेऊ लागला तेव्हा तू तुझी शिट्टी माझ्या हातात दिलीस. मी फुंकली आणि एवढी मोठी गाडी माझ्या शिट्टीवर मागं आली. ती शिट्टी मग तू परत मागितलीच नाहीस.

पाकिटावरच्या बाईनं मात्र धंदा दिला, हे नाकारून कसं चालेल. पुण्याहून, नाशिकहून मागणी येते. लोक लिहितात, तुमच्या आईला नमस्कार सांगा, आम्हाला आमची आई आठवली. सुरुवातीला मी नुसतं हात जोडलेलं चित्र पाठवायचे. मग सर म्हणाला, गोष्टी सांगा. मग मी सांगायला लागले. आई पहाटे उठून जात्यावर बसायची. आई ओव्या म्हणायची. आई स्वतः उपाशी राहून आम्हाला वाढायची. तू उपाशी? भूक लागली की तू ड्रायव्हरचा डबा उघडून बसायचीस. दोन दिवस काही टाकलं नाही की बघणारे आटतात, म्हणून रोज एक नवी आठवण पाडायची. बाबा आत घामाघूम होऊन येसर भाजतात आणि मी बाहेर ते दुसऱ्याच्या नावावर विकते. थकले आहे मी, आई. कष्टानं थकायची सवय आहे आपल्याला, पण हे थकणं वेगळं आहे, रोज कुणाची तरी लेक होऊन दाखवायचं.

मागच्या महिन्यात बचतगटांच्या प्रदर्शनात माझं टेबल होतं. एक म्हातारी आली, पिशोरकडची, सुनेबरोबर. माझ्याकडं टक लावून बघत राहिली आणि म्हणाली, "कन्नडच्या गाडीवरल्या कंडक्टरबाईची लेक ना तू? तोंडवळा तोच हाय." मला इतका आनंद झाला की मी तिला खुर्ची दिली. तिनं मग सांगितलं. नवी नवरी असताना ती एकटीच माहेराहून निघाली होती, हनुवटीपर्यंत पदर ओढून. सासरचा फाटा कधी गेला ते तिला कळलंच नाही. कळल्यावर ती रडायला लागली. तू गाडी थांबवलीस, समोरून येणाऱ्या गाडीला हात केलास, तिला तिच्यात बसवून दिलंस आणि उतरताना दम भरलास, "तोंड उघडं ठेव बाई. पदराआड बसलीस तर गाव निघून जातं." म्हातारी म्हणाली, तवापासून गाडीत बसले की मी पदर खाली घेते, सासऱ्यापुढंसुद्धा घेतला. हे सांगताना ती सुनेकडं अशी बघत होती, जशी शाळेतला नंबर सांगतेय.

मग तिचं लक्ष पाकिटाकडं गेलं. तिनं ते उचललं, डोळ्यांजवळ नेलं आणि विचारलं, ही कोण? माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, आई. तिनं चित्रातल्या पदरावर बोट ठेवलं. तिच्या मनात काही खोच नव्हती, आई, तेच जास्त लागलं.

"पदर घेतला व्हय बाईनं शेवटी?" तिनं विचारलं.

"व्हय," मी म्हणाले.

तिनं पाकीट जागेवर ठेवलं, माझ्या गालावरून हात फिरवला आणि सुनेचा हात धरून पुढच्या टेबलाकडं गेली. मी तिला हाक मारू शकले असते. गर्दी काही फार नव्हती.

आता सगळी पाकिटं बदलून टाकीन असं लिहिण्याचा मोह होतोय, पण छापून आणलेली गठ्ठ्यांनी माळ्यावर पडून आहेत, आणि ती संपेपर्यंत तीच बाई तुझ्या नावानं हसत राहणार. पुढच्या छपाईला काय करीन ते आत्ता सांगत नाही, आधीच तुझ्या नावावर पुष्कळ काही बोलून बसले आहे. हे पत्र मात्र मी कॅमेऱ्यापुढं वाचणार नाही. सरांना सांगेन की घसा बसलाय.

एकच सांगायचं राहिलं. काल बाबांनी सहज विचारलं, तुझ्या आईच्या कपाळावर व्रण होता तो उजवीकडं की डावीकडं? मी आठवायला डोळे मिटले तर समोर ती आली. पदर, नथ, कुंकू, आणि कपाळ अगदी गुळगुळीत. हल्ली आई म्हटलं की आधी तीच येते. तू येतेस, नाही असं नाही, पण तिच्या मागून, गर्दीतून वाट काढत, सरका पुढं म्हणत. तेवढा वेळ मी डोळे उघडत नाही.