ड्रायव्हरचं झाकण

४ जानेवारी

डावा पट्टा पुन्हा उतरला! आज तिसऱ्यांदा. एकेका बाजूला नव्वद कड्या, प्रत्येक कडीत सुईएवढी पिन, सगळ्या मी हातांनी ओवलेल्या – आणि रिमोटची काडी जरा डावीकडे ढकलली की संपलं. रणगाडा पुढे जातो आणि पट्टा मागे पडून राहतो, तुटक्या चपलेसारखा.

ही म्हणाली, "पन्नाशीत माणसं गुडघ्यांची काळजी करतात." अगं, गुडघे टेकूनच तर बसलोय तासभर!

बाबा खुर्चीत पेपर वाचत होते. पेपर इंचभरही खाली आला नाही.

७ जानेवारी

चालला! पट्टा ताणणारं पुढचं चाक मिलिमीटरभर पुढे घ्यायचं होतं, बस. एवढ्यासाठी चार दिवस आणि अंगठ्याचं नख गेलं. पॅसेजमधून थेट स्वयंपाकघरात गेला, उंबऱ्यावरही अडला नाही. मी लहान पोरासारखा ओरडलो.

बाबांना म्हटलं, बघा, तुमची गाडी. (रणगाडा हा शब्द ते कधीच वापरत नाहीत, गाडी म्हणतात.) बघितलं. "हं." झालं, आटोपलं कौतुक!

कोणाला सांगणार नाही, पण इथे लिहितो. मला त्यांच्या तोंडून एकदा तरी 'बरोबर झालंय' ऐकायचंय. त्यांच्याकडे त्या गाडीचा एकच फोटो आहे – वर चौघं बसलेले, बाबा सगळ्यांत काटकुळे, बाविशीतले. "मी गनर होतो." गनर म्हणजे तोफ फिरवून डागणारा. लढाईबद्दल आख्ख्या आयुष्यात हे एवढं एकच वाक्य. बाकी विचारायची सोय नाही. म्हणून फोटो समोर ठेवून गाडीच बनवायला घेतली.

९ फेब्रुवारीला आमच्या मॉडेल क्लबचं प्रदर्शन आहे. टेबलावर पाटी लावणार – 'या गाडीचे गनर, माझे वडील'. आणि वडील शेजारी उभे हवेत.

८ जानेवारी

चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये एक बाई लिफ्टमध्ये अडकली. पंचवीस मिनिटं. ती आतून रडतेय, वरून तिचा नवरा मला कायदे शिकवतोय. दार फाकवून काढली एकदाची.

घरी आलो, बूटही काढले नव्हते, तर बाबा – "आतलं माणूस निघालं ना बाहेर?" सत्तावीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय, सत्तावीस वर्षं हाच प्रश्न. जेवलास का नाही, दमलास का नाही. निघाली हो बाबा! नाहीतर काय आत ठेवून घरी आलो मी?

१२ जानेवारी

चिखल जमला. प्लास्टर, तपकिरी रंग आणि चहाचा वाळवलेला चोथा. चाकांवर असा बसलाय की हिने फडकं उचललं होतं पुसायला! वेळेवर ओरडलो. गंज टूथब्रशने शिंतोडे मारून केला. शिंतोडे भिंतीवरही गेले. भिंतीबद्दल उद्या बोलणं होईल.

हिचा भुवयांचा चिमटा माझ्याकडे आहे हे अजून कळलेलं नाही.

१७ जानेवारी

टरेट, म्हणजे तोफेसकट गोल फिरणारं वरचं डोकं, रिमोटवर फिरायला लागलं. इतकं सावकाश आणि दमदार की मीच बघत बसलो.

क्लबातला दाढीवाला आला होता. तो दुसऱ्याच्या मॉडेलचे खिळे मोजतो, तशीच ख्याती आहे त्याची. म्हणाला, "नाकासमोर सरळ तोफ म्हणजे दुकानातलं खेळणं. जरा डावीकडे ठेव, बघ कशी ऐट येते." माणूस आगाऊ आहे, पण खरंच ऐट आली. तशीच ठेवून फळीवर चढवला.

१९ जानेवारी

सकाळी बघतो तर तोफ सरळ. डावीकडे केली, कामावर गेलो.

२० जानेवारी

पुन्हा सरळ! मोटर आपोआप मध्यावर येतेय. प्रदर्शनात असं झालं तर दाढीवाला वर्षभर पुरवून पुरवून हसेल.

२३ जानेवारी

सगळा टरेट उघडला. मोटर बदलली, रिसीव्हर बदलला, वायरी नव्याने जोडल्या. उघडताना वरची अँटेना तुटली, रंग दोन ठिकाणी उडाला. आठ दिवसांचं काम मागे. गिअरचे दात घासलेत – कोणीतरी जबरदस्तीने फिरवावं तसे! कंपनीला शिव्या घातल्या.

२५ जानेवारी

काल रात्री तोफ डावीकडे करून बॅटरीच काढून ठेवली. म्हटलं, आता फिर कशी फिरतेस.

सकाळी तोफ सरळ.

म्हणजे मोटर नाही. हात आहे! हिला विचारलं, जरा वरच्या पट्टीतच विचारलं. "तुमच्या त्या धुडाला मी शिवतसुद्धा नाही. चिमटा आधी परत करा." तेव्हापासून अबोला. आमटीत मीठ नव्हतं. मुद्दामच, मला माहितीये.

२९ जानेवारी

आज नवंच झेंगट. पुढे डाव्या अंगाला ड्रायव्हरचं आत-बाहेर करायचं झाकण आहे, ते मी बिजागरी लावून उघडतं-मिटतं केलंय. क्लबात कोणी केलेलं नाही असं! पण तोफ डावीकडे असली की झाकण तिच्या नळीवर आपटतं. अर्धंही उघडत नाही. माप चुकलं माझं, दुसरं काय. दोन तास कानस घेऊन झाकणाची कड घासली. आता जेमतेम सुटतं. चुकलं ते चुकलं, पण निभावलं.

३० जानेवारी

बाबा आपणहून जवळ आले! भिंग घेऊन वाकले. मी श्वास रोखून उभा.

"झाकण का घासलंस?"

"तोफेला अडत होतं."

"अडतंच."

"खऱ्या गाडीतही?"

काठी घेतली, बाहेर निघून गेले. चहाही तसाच राहिला.

म्हणजे माझं माप बरोबर होतं आणि मी बरोबरचं घासून चूक करून ठेवली! कपाळ माझं. सव्वा महिन्यात ते पहिल्यांदा गाडीजवळ आले तेही खोट काढायला. सांगायचं तर आधी नाही का सांगायचं? झाकण नव्याने बनवावं लागणार.

३ फेब्रुवारी

चोर सापडला.

साइटवर वीज नव्हती म्हणून दुपारीच घरी आलो. बाबा फळीसमोर पाठमोरे. एका बोटाने तोफ ढकलत ढकलत सरळ केली. मग नखाने नवं झाकण उघडलं, पार मागेपर्यंत. आत बघितलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

माझं डोकंच फिरलं. "बाबा! गिअर घासले माझे! आठ दिवस मोटर उघडून बसलोय, बायकोशी भांडलोय! चूक वाटते तर तोंडाने सांगा ना!"

"तोफ तिथे ठेवू नकोस."

"का?"

"ठेवू नकोस."

"माझं मॉडेल आहे, ठेवीन तिथे ठेवीन!" आणि रिमोट घेतला, बॅटरी लावली, त्यांच्यासमोर तोफ डावीकडे फिरवली. घर्रर्र. बरोबर झाकणावर आणून थांबवली.

ते बघत राहिले. मग खोलीत गेले. दार लावलं नाही, नुसतं लोटलं.

हिची माफी मागितली. चिमटाही दिला. ती म्हणाली, "माझं राहू द्या, आधी त्यांच्याकडे जा." नाही गेलो. दरवेळी मीच का जायचं?

५ फेब्रुवारी

बाबा बोलत नाहीत. तसे कधी बोलत होते म्हणा! पण आज एका बंगल्याच्या लिफ्टमध्ये म्हातारा अडकला होता, त्याला काढून घरी आलो, तर त्यांनी तेही विचारलं नाही. दारात उगाच दोन मिनिटं उभा राहिलो.

८ फेब्रुवारी

उद्या प्रदर्शन. दाढीवाल्याने फोनवर सांगितलं, परीक्षक बाहेरचे आहेत, तुझं झाकण गाजणार. आनंद व्हायला हवा होता.

बाबांना विचारलं, येणार का? "बघू." बघू म्हणजे नाही, हे लहानपणापासून पाठ आहे. सहलीला बघू, सायकलला बघू. पाटी खोक्यात टाकलीच नाही, ड्रॉवरमध्ये कोंबली. राहिलं. गाडी झक्कास झालीये आणि ज्याच्यासाठी केली त्याला ती डोळ्यांसमोर नको आहे. माझी सगळी मेहनत पाण्यात!

९ फेब्रुवारी

सकाळी खोकं भरत होतो. बाबा फोटो घेऊन आले, माझ्याजवळ जमिनीवर बसले. काठी बाजूला ठेवली. पुढे बसलेल्या पोरावर बोट ठेवलं.

"हा आमचा ड्रायव्हर. गोळा लागला तेव्हा तोफ डावीकडे होती. मीच फिरवली होती. गाडीने पेट घेतला, वीज गेली. परत फिरवायला गेलो तर हातानेही फिरेना. आम्ही तिघं वरून निघालो. तो खालून झाकण वाजवत होता."

त्या दिवशी मी त्यांच्या डोळ्यांदेखत काय केलं होतं!

टरेटची वायर कापली. तोफ सरळ केली, खालून दोन थेंब गोंद घातला. मग झाकण पूर्ण उघडलं आणि तसंच ठेवलं.

बाबांनी भिंगातून बराच वेळ बघितलं.

"आता बरोबर झालंय," म्हणाले. मग उठायला माझ्यापुढे हात केला. "चल. उशीर होतोय."