व्याह्यांबरोबर खिंड चढताना बरोबर काय घ्यावं

ती. ताईस,

वाकून नमस्कार. (रविवारपासून पाठ सरळ होतच नाही, त्यामुळे वाकायला वेगळे कष्ट पडले नाहीत.) तुझ्या डोळ्यांचं कसं काय? नवा चष्मा लागला का? भाऊजींचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे, आणि थांबला नसेल तर निदान त्यांनी त्यावर स्वतःच औषधं शोधणं तरी थांबवलं असेल. आम्ही सगळे ठीक आहोत. 'ठीक' या शब्दाचा अर्थ या पत्रापुरता जरा सैल धरावास ही विनंती.

पोरीचं लग्न ठरत आल्याचं तुला फोनवर सांगितलंच होतं. मुलगा चांगला आहे, त्याची आई तर फारच चांगली. प्रश्न होता व्याह्यांचा. गृहस्थ वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेत, आणि आयुष्यभर दुकानदारांचे काटे तपासल्यामुळे की काय, समोरच्या माणसाकडेही तो कुठल्या बाजूला कलतोय हे बघत असल्यासारखे बघतात. पहिल्या भेटीत ते एकदाही हसले नाहीत. जे काही बोलले ते तोंडावर हात धरून. आता तूच सांग, ज्या दंतवैद्याचं पोट लोकांच्या तोंडात डोकावण्यावर चालतं, त्याच्यासमोर कुणी असं तोंड झाकून बसावं? मला राहवेना. घरी परतताना मी नुसतं म्हटलं की, यांच्या वरच्या दातांत काहीतरी आहे, तर कन्या कडाडली, "बाबा, लग्न होईपर्यंत त्यांच्या तोंडाचा विषय काढायचा नाही!" (तुझी भावजय म्हणाली, लग्नानंतरही नको.)

आणि मग त्यांचाच फोन आला. रविवारी सायकलवरून खिंडीपर्यंत जाऊन येऊ, दोघंच. 'दोघंच' हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला. कन्येचा चेहरा पडला. भावजयीने अर्थ लावला की लग्न मोडायचं असेल तर माणूस असाच एकांत शोधतो. माझ्याकडे सायकल आहे, बारीक टायरची, वाकड्या दांड्याची, पोट कमी करायला घेतलेली. तिच्यावरून मी दवाखान्यात जातो आणि सुट्टीच्या दिवशी नदीपर्यंत. पण खिंड म्हणजे, ताई, जिथे भर उन्हाळ्यातही रस्त्याच्या कडेला मळकट बर्फ पडून असतो ती जागा. मी हो म्हटलं. भीती वाटली खरी, पण हा माणूस मला काय सांगणार आहे, ही उत्सुकता भीतीपेक्षा मोठी निघाली.

शनिवारी संध्याकाळी ते माझं सामान बघायला आले. हातात ताणकाटा. (भाजीवाल्याकडे असतो तसा, हुक लावलेला.) मी जेवणाच्या टेबलावर सगळं मांडून ठेवलं होतं: छत्री, थर्मास, टॉवेल, जादा बूट, घरातला मोठा पंप, दुर्बीण, उकडलेले बटाटे, आणि भावजयीने 'असू दे' म्हणून ठेवलेली उशीची गवसणी, जिचा उपयोग तिलाही सांगता आला नाही. त्यांनी एकेक वस्तू काट्याला टांगली, आकडा वाचला आणि वस्तू खुर्चीवर ठेवली. टेबल रिकामं होत गेलं, खुर्ची भरत गेली. छत्री टांगल्यावर तर त्यांनी आकडा दोनदा वाचला.

शेवटी न्यायचं ठरलं ते असं: जर्सीच्या पाठीवरच्या तीन खिशांत आणि सीटखालच्या पिशवीत मावेल तेवढं. दोन ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, तळहाताएवढा पंप, पातळ जाकीट, लोकरीचे जाड हातमोजे, वर गेल्यावर बदलायला कोरडी बनियन, आणि सुट्या बाह्या. या बाह्या फार गमतीच्या असतात. सदरा नाही, नुसत्या बाह्या. थंडी वाजली की चढवायच्या, ऊन लागलं की सोलून काढायच्या. एवढ्या सोप्या गोष्टीचा शोध मला या वयात लागावा याचं आश्चर्य वाटतं. मी विचारलं, उन्हात चढायचं तर जाकीट कशाला? तर तोंडावर हात ठेवून म्हणाले, "डॉक्टर, चढताना माणूस घामाने भिजतो आणि उतरताना त्याच घामाने गोठतो." मग खिशातून कालचं वर्तमानपत्र काढून दाखवलं. उतारावर छातीशी, जर्सीच्या आत घालायचं, वारा लागत नाही. मी आयुष्यभर ते नुसतं वाचत आलो!

त्यातल्या लोकरीच्या जाड हातमोज्यांना त्यांनी बोटही लावलं नाही, हे नीट लक्षात ठेव. ते मी स्वतः काढले. पहाटे निघताना मला वाटलं, आपणही काहीतरी कमी करून दाखवावं, व्याह्यांवर छाप पडेल. अर्ध्या बोटांचे पातळ हातमोजे घातले आणि जाड मोजे खुर्चीवरच्या छत्रीशेजारी ठेवून दिले.

चढाचं वर्णन करत नाही, कारण मला त्यातलं फारसं आठवत नाही. फक्त त्यांची पाठ आठवते. एका लयीत, ना घाई ना थांबणं, आणि पाठीवर ते तीन खिसे. डाव्या खिशातून खाणं निघायचं. मधल्यातून जाकिटाचं टोक दिसत होतं. उजव्या खिशाला मात्र ते अधूनमधून नुसता हात लावून बघत आणि उघडत नसत. एवढा मोजून मापून चालणारा माणूस, मग जो खिसा उघडायचाच नाही तो भरून का आणावा? हे कोडं होतं म्हणून मी चढलो, ताई. नाहीतर तिसऱ्या वळणावरच खाली बसलो असतो. आणखी एक बघितलं: बदामाच्या कडक वड्या त्यांनी सगळ्या मला दिल्या, स्वतः मात्र पिकलेली केळी खाल्ली, तीही डाव्या बाजूने.

माथ्यावर पोचलो तेव्हा आभाळ भरून आलं होतं. मी डोंगर बघायला उभा राहिलो तर ओरडले, "आधी बनियन बदला, मग डोंगर बघा!" तिथे एक छोटं हॉटेल आहे. आत शेगडीजवळ बसलो. मालकीणबाईंनी सूप आणलं आणि सोबत पाव, ज्याच्या सालीने दार ठोठावता आलं असतं. मी माझा पाव सूपमध्ये बुडवला. त्यांनीही बुडवायला हवा होता. पण बाई कौतुकाने बघत उभ्या होत्या, तेव्हा त्यांनी भिडेखातर एक घास सरळ तोडला.

आवाज मला टेबलाच्या पलीकडून ऐकू आला. असा आवाज मी झोपेतही ओळखतो.

त्यांनी हळूच मूठ उघडली. तळहातावर एक कॅप होती, समोरच्या दाताची. आणि ताई, एवढा करडा माणूस, पण चेहरा असा झाला की मला पोरीचं लग्न, त्यांचा काटा, सगळं विसरायला झालं. म्हणाले, "मुलांना कळू देऊ नका."

मी म्हटलं, आ करा. नाही म्हणाले. मी म्हटलं, नुसतं बघतो. तेव्हा त्यांनी माझ्या दोन्ही हातांकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "ते फिरणारं यंत्र आणलं नाही ना तुम्ही?"

"आणलं असतं तरी काल तुम्ही काट्याला टांगून काढलं असतंत."

ते हसले. पहिल्यांदाच, पुढच्या फटीसकट. मग मी सायकलचा पुढचा दिवा काढून मालकीणबाईंच्या हातात दिला, चमच्याच्या पाठीने ओठ बाजूला केला आणि खिंडीच्या माथ्यावर मी व्याह्यांचं तोंड तपासलं. शेजारच्या टेबलावरचं एक जोडपं खाणं थांबवून बघत होतं. (बाईंनी दिवा फार स्थिर धरला. माझ्या दवाखान्यात कुणी इतका स्थिर धरत नाही.) दात शाबूत होता, फक्त जुनं सिमेंट सुटलं होतं. पलीकडची दाढ मात्र बरीच वर्षं दुखत असणार. तेव्हा त्यांनी उजवा खिसा उघडला. आत लवंगेच्या तेलाची जाड काचेची बाटली! ग्रॅमग्रॅम मोजणाऱ्या या माणसाने ती काट्यावर कधी घातली नव्हती म्हणे.

मग सगळं बाहेर आलं. लहानपणी कुठल्याशा दंतवैद्याने धरून ठेवून दाढ काढली होती, तेव्हापासून ते त्या खुर्चीच्या वाऱ्यालाही उभे राहिलेले नाहीत. ती कॅपसुद्धा बायकोने रडून बसवून घेतलेली. मुलाने सांगितलं की मुलीचे वडील दातांचे डॉक्टर आहेत, तेव्हापासून यांची झोप गेली. लग्नाला विरोध वगैरे काही नव्हता. त्यांना फक्त मला विचारायचं होतं की दाढ दुखते, काय करू. "पण तुमच्या दवाखान्यात कसा विचारणार? इथे खुर्ची नाही, म्हणून इथे आणलं." म्हणजे बघ, एका प्रश्नासाठी या माणसाने मला अख्खा डोंगर चढायला लावला.

उतरताना बर्फमिश्रित पाऊस सुरू झाला. वर्तमानपत्र आम्ही वाटून घेतलं, खेळाचं पान त्यांच्या छातीला, छोट्या जाहिराती माझ्या. पण बोटं! आधी झोंबली, मग दुखली, आणि मग काहीच वाटेनासं झालं, ते सर्वांत वाईट. एका वळणावर मी ब्रेक दाबायला गेलो तर बोटं वळलीच नाहीत. डोक्याने हुकूम सोडला, हातांनी ऐकलाच नाही. पुढे कठडा, त्याच्या पलीकडे ढग. मी जीव मुठीत धरून (मूठ वळत नव्हती, तरीही) सायकल आतल्या बाजूला वळवली आणि त्या मळकट बर्फाच्या ढिगात जाऊन आडवा झालो.

व्याही परत वर आले. इतके चिडलेले मी त्यांना पाहिलेले नव्हते, आणि तोंडावर हात धरायचंही त्यांना भान नव्हतं. "छत्री काढा म्हटलं होतं मी, हातमोजे काढा म्हटलं होतं का? या बोटांनी उद्या माझा दात बसवायचाय!" मग त्यांनी जर्सीची चेन उघडली आणि माझे दोन्ही हात आपल्या काखांत दाबून धरले. आम्ही तसेच उभे राहिलो, डोंगरात, पावसात, आलिंगन दिल्यासारखे. एक मोटार हळू झाली, आतल्यांनी बघितलं आणि निघून गेली. बोटांत रक्त परत आलं तेव्हा कळ अशी आली की माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यांनी तिकडे बघायचं टाळलं, हा त्यांचा मोठेपणा. शेवटी आपल्या खिशातले कोरडे पायमोजे माझ्या हातांवर चढवले, आणि पायमोज्यांचे हातमोजे करून मी घरी आलो.

सोमवारी दवाखाना उघडला तेव्हा ते पायरीवरच उभे होते. स्वतःहून खुर्चीत बसले. कॅप बसली, दाढेचं काम सुरू झालंय. घरी सगळ्यांना वाटतं की डोंगरावर आमचं लग्नाबद्दल बोलणं झालं. खरं सांगतो, तो विषयच निघाला नाही. तारीख मात्र ठरली, ती बायकांनी ठरवली.

भाऊजींना नमस्कार. काळजी घे.

तुझा धाकटा

ता. क. एक सांगायचं राहिलं. चढावर त्यांनी विचारलं, तुमच्या घरात आणखी कुणी सायकल चालवतं का? मी म्हणालो, "ताई." पुढचं वाक्य 'वाचनालयापर्यंत जायची' असं होतं, पण दम लागल्यामुळे ते बाहेर पडलंच नाही. त्यांनी विचारलं, खिंडी चढायच्या का? मी धापा टाकत मान हलवली, ती नेमकी होकारार्थी हलली. तेव्हापासून त्यांना तुझ्याबद्दल फार आदर वाटतो. तर लग्न होईपर्यंत कृपा करून नाही म्हणू नकोस. काही विचारलंच तर 'त्या काळी रस्ते वेगळे होते' एवढंच म्हण आणि खिडकीबाहेर बघ.

ता. ता. क. तुला भेटायचंच म्हणून ते तुमच्या गावाला सायकलने निघालेत. पत्र पोस्टात कशाला टाकता, मीच नेतो म्हणाले. तेव्हा पाकीट देऊन तुझ्या दारात उभे आहेत ते तेच. वाचताना हसू नकोस, ते बघतायत.