टाकीखालची जागा

प्रिय एथ्ना,

तुझं सप्टेंबरातलं पत्र येऊन दोन महिने झाले आणि मी उत्तर दिलं नाही. तीनदा लिहायला बसलो. तिन्ही वेळा हवा, पाऊस, गाई, शेजारच्या पॅकीचा गुडघा एवढं लिहून झालं की पेन अडायचं. आज तसं होऊ देणार नाही. मुलांना शाळेत धाडून झालं की एकटी बसून वाच.

आधी बाबांचं सांगतो. छातीतलं पाणी दोनदा काढलं. आता काढून उपयोग नाही, घरी न्या, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नाताळ बघतील का, असं मी विचारलं तर त्यांनी फक्त वेदनेच्या गोळ्या लिहून दिल्या. घरी आणून त्यांचा पलंग बैठकीत शेगडीशेजारी लावला. ब्याऐंशी वर्षांचं शरीर, मनगटं काटकीसारखी झालीत, पण जीभ शाबूत आहे. मी दलदलीतून कापून वाळवलेल्या टर्फच्या विटा घेऊन शेगडी पेटवायला बसलो की पलंगावरून हुकूम सुटायचे, "टर्फ उभी कर, आडवी नको. कोळसा नंतर. मढ्यावर माती लोटल्यासारखा लोटू नकोस." हवेची झडप उघडली की त्यांना फार वाटायची, मिटली की कमी. शेजारची फिलोमिना सूप घेऊन येते. ती एकदा म्हणाली, "मॅलकी, तुम्ही वर गेलात की देवाच्या दारावरच्या संतालासुद्धा दार कसं लावायचं ते शिकवाल." बाबा म्हणाले, "शिकवीन की. ते दार कोलमनने बसवलेलं नसलं म्हणजे झालं." त्यांचं ते जुनं वाक्य तुला आठवत असेल, कोलमनने दार बसवलं की बिजागरी त्याच्या खिशात राहते. लहानपणी तू हसायचीस आणि मग माझी समजूत काढायला मागे यायचीस.

शेगडी कोणती, असं तू विचारलं होतंस. तसलीच आहे गं. आईच्या मागे बैठक पुन्हा बांधली तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता तेलावरचा बॉयलर येणार. बाबांनी हट्टाने तशीच आणवली, पोटात पाणी तापवून घरभरच्या रेडिएटरना पुरवणारी, टर्फ, लाकूड, कोळसा, जे घालाल ते खाणारी. बसवायला आलेल्या माणसाने दबकत विचारलं, "मॅलकी, पुन्हा हीच?" बाबा म्हणाले, "शेगडीने नाही मारलं तिला." तो बिचारा खाली मान घालून पान्हा फिरवत राहिला. बाबा कोणाबद्दल बोलले ते तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं. मलाही कळलं, आणि मी त्याच्या हातात पुढचा पान्हा दिला.

तुझ्या पत्रातली दोन वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचतो आहे. एक म्हणजे, "बाबांनी स्वतः बोलावलं तर पहिल्या विमानाने येईन, नाहीतर मरणाच्या दारात त्यांना माझं तोंड दाखवणार नाही, तेवढा त्यांचा हक्क आहे." आणि दुसरं तू जाता जाता लिहिलेलं, की पर्थच्या हिवाळ्यात पोरं कुडकुडली तरी "हीटर लावा" हे शब्द तुझ्या तोंडून निघत नाहीत, नवरा उठून लावतो आणि तू दुसऱ्या खोलीत जातेस. बारा वर्षं तू असं जगते आहेस हे मला ठाऊक नव्हतं, असं लिहिलं तर तेही खोटंच होईल. ठाऊक करून घेतलं नव्हतं, एवढं खरं.

त्या डिसेंबरातलं तुला सगळं माहीत आहे. तरी पुन्हा लिहितो, कारण तुला माहीत आहे ते सगळं नाही. उणे पंधराची थंडी, माझी ड्यूटी रस्त्यांवरचा बर्फ वितळवायला मीठ टाकणाऱ्या गाडीवर. बाबा खुब्याच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात, आई माझ्याकडे गावात राहायला. घर तीन रात्री बंद, शेगडी गार. बाबांना दुसऱ्या दिवशी सोडणार म्हणून आई हटून बसली, त्यांच्या आधी घर गरम झालं पाहिजे. मी सकाळी तिला सोडलं आणि सांगितलं, तीनला येऊन नळ बघतो, तोवर पेटवू नकोस. रेडिओवरही रोज तेच सांगत होते. साडेदहाला तुझा फोन आला. ती कोट-टोपी घालून बसली होती. तू म्हणालीस, "कोलमनचं काय ऐकतेस, तो जन्मभर थांब-थांबच म्हणणार. पेटव आई, न्युमोनिया होईल." तिने पेटवली आणि समोरच्या खुर्चीत बसली. तासाभरात ते झालं. पॅकीला गोठ्यात वाटलं, खाणीत सुरुंग लावला.

पाणी तापलं की फुगतं, आणि फुगलेल्या पाण्याला माळ्यावरच्या टाकीकडे जायला वाट लागते. त्या दिवशी टाकी आणि तिचे नळ गोठले होते. पाण्याला वाट राहिली नाही आणि शेगडी फुटली. हे सगळं चौकशीच्या कागदात आहे.

तू तिसऱ्या दिवशी पोहोचलीस. तुला कोणी काही विचारलं नव्हतं. फोनचं कोणालाच माहीत नव्हतं, गप्प राहिली असतीस तर कोणाला पत्ताही लागला नसता. पण तू कुबड्यांवर उभ्या असलेल्या बाबांपुढे जाऊन सांगितलंस, "बाबा, मी तिला पेटव म्हटलं." कबरीवरची माती अजून ओली होती. आणि ते म्हणाले, "रेडिओ सांगत होता, कोलमन सांगत होता. आणि तू तिकडे उन्हात बसून शहाणपणा शिकवत होतीस." ते वाक्य तुला बोललेलं शेवटचं. त्यानंतर दर रविवारी तुझा फोन वाजला की ते उठून शेडमध्ये टर्फ रचायला जायचे. पावसातही जायचे. रचलेली टर्फ पाडून पुन्हा रचताना मी त्यांना पाहिलंय.

आता माझं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मी घराची ऊब छतातून निसटू नये म्हणून माळ्यावर ग्लासवूल अंथरलं, हे आईने तुला फोनवर कौतुकाने सांगितलं असेल. चर्चमध्ये तिने अर्ध्या गावाला सांगितलं होतं, आमच्या कोलमनने माळा गादीसारखा केला. सामान घेतलं त्या दुकानातल्या म्हाताऱ्याने मला दोनदा बजावलं होतं, "पाण्याच्या टाकीखाली घालू नकोस. तिथे जागा सोड. खालच्या घराची ऊब टाकीला लागली पाहिजे, नाहीतर गोठेल." मी मान डोलावली. संध्याकाळपर्यंत सगळं अंथरून झालं, टाकीखालचा चौकोन तेवढा उघडा राहिला आणि हातात एक तुकडा उरला. त्या उघड्या चौकोनाकडे बघून मला बाबांचा आवाज ऐकू आला. ते वर डोकावणार आणि म्हणणार, बघा, कोलमनचं काम, एक तुकडा राहिलाच. चाळिशीला आलेला माणूस मी, एथ्ना. मी तो तुकडा टाकीखाली नीट दाबून बसवला, कोपरेसुद्धा मुडपले. खाली आल्यावर बाबा दुखऱ्या खुब्याने शिडी चढून बघून आले आणि म्हणाले, "या खेपेला पुरं केलंस." आयुष्यात एवढी शाबासकी मला कोणी दिली नव्हती.

स्फोट झाला त्या दुपारी आईला नेल्यावर घर शेजाऱ्यांनी भरलं. बैठकीची भिंत गेली होती, पण मागची बाजू आणि तिथला माळा उभा होता. बायका स्वयंपाकघरात चहा आणि सँडविच करत होत्या. मी वर चढलो. टाकीत वीतभर बर्फ होता. खाली माझा तुकडा होता, कोरडा, कोपरे मुडपलेला. मी तो ओढून काढला, काळ्या पिशवीत भरला आणि मागच्या दाराने निघालो. दारात फिलोमिना भेटली. "हे काय रे?" तिने विचारलं. मी म्हटलं, "आईचे कपडे." तिने छातीवर क्रूस काढला आणि मला वाट दिली. पिशवी मी बॉगच्या दलदलीत, आपण टर्फ कापायचो तिथल्या पाण्याच्या खड्ड्यात दगड घालून बुडवली. दुसऱ्या दिवशी चौकशीचा माणूस बॅटरी घेऊन वर गेला, टाकीखाली बघून म्हणाला, "जागा सोडलीय, बरोबर आहे. यंदा थंडीच तशी." आणि तसंच लिहून नेलं.

मी स्वतःला बरंच समजावलं. एवढ्या थंडीत टाकी तशीही गोठली असती, असं म्हणून पाहिलं. पण पॅकीचं घर त्याच गवंड्याने बांधलेलं, तशीच टाकी, तशीच शेगडी. पॅकी आणि त्याची बायको मुलीकडे गेले होते, घर चार रात्री बंद होतं. त्याच दिवशी सकाळी परत येऊन त्यांनी पेटवली आणि चहा पीत बसले. त्यांच्या टाकीखाली जागा होती. म्हणजे तू फोनवर जे बोललीस ते थंडीत बसलेल्या आईला कोणतीही मुलगी बोलली असती, आणि टाकी गोठलेली नसती तर आई तासाभराने कोट काढून स्वयंपाकाला लागली असती. तू तिला मारलं नाहीस. माझ्या हाताने ते झालं, आणि मी मूग गिळून बसलो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोर रोज बापाच्या ताटाला ताट लावून जेवत होता. कारण तू गेल्यावर बाबा माझ्याशी बरे वागायला लागले. मी गावातली खोली सोडून इथे राहायला आलो, ते दर रविवारी चर्चमध्ये माझ्या खांद्यावर हात ठेवून चालायचे. तो हात काढला जाईल या भीतीने मी बारा वर्षं गप्प राहिलो. यापेक्षा चांगलं कारण माझ्याकडे नाही.

गेल्या मंगळवारी फिलोमिना सूप घेऊन आली होती. बाबा तिला म्हणाले, "पोरं दोन झाली. एक तरी माणसात निघालं." आणि माझा हात थोपटला. मी तिथेच, तिच्यासमोर, सगळं सांगितलं. त्यांनी वर माळ्याकडे बघितलं. मग त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "टाकीखाली?" मी हो म्हटलं. "आणि नंतर काढलंस?" मी हो म्हटलं. माझा हात त्यांनी पांघरुणावरून बाजूला केला, वाळकं पान उचलून टाकावं तसा. फिलोमिना सूप तिथेच ठेवून बाहेर गेली. फोन करतो म्हणून मी उठलो तर म्हणाले, "फोन नको. फोनवर तू काहीतरी गाळशील. लिही आणि मला वाचून दाखव." म्हणून हे पत्र, आणि म्हणून हे एवढं लांब. आत्ता वाचून दाखवलं. मध्येच थांबवून त्यांनी विचारलं, "पिशवीचं लिहिलंस? फिलोमिनाला काय सांगितलंस तेही लिही." ते मी वर भरलं आहे. शेवटी म्हणाले, "तिला सांग, मी बोलावलंय." तुझी अट होती ती ही अशी पुरी झाली, एथ्ना. पॅकी आजच तालुक्याला जाऊन जलद टपालाने पाठवतोय, तरी चार दिवस जातील. तू आलीस की मी पॅकीच्या जुन्या कॅरॅव्हॅनमध्ये राहायला जाईन, माझ्याशी बोलायची तुझ्यावर सक्ती नाही. फक्त उशीर करू नकोस. मंगळवारपासून बाबा मला शेगडीला हात लावू देत नाहीत. फिलोमिना सकाळी येऊन पेटवते, दुपारी एकदा टर्फ घालते, तिन्हीसांजेला सगळं विझलेलं असतं आणि बैठकीत श्वासाची वाफ दिसायला लागते. ओठ निळे पडतात. मी काडेपेटी घेतली की म्हणतात, "ठेव ती. एथ्ना येऊन पेटवील."

तुझाच असं लिहायचा धीर नाही,
कोलमन