बोटभर पाणी

४ ऑगस्ट १९९१
पनवेल. बदलीचा हुकूम आला तेव्हा पुण्यातल्या सासुरवाडीनं असे चेहरे केले, जणू मला अंदमानला धाडलंय. प्रत्यक्षात घर झकास. एस.टी. स्टँडपासून दहा मिनिटं, दोन खोल्या आणि ऐसपैस मोरी. नळ दिवसाआड येतो, म्हणून मोरीत सईच्या खांद्याइतकं उंच निळं पिंप. टेम्पोत दगावले ते फक्त सईचे मासे. नऊ वर्षांची पोर रिकाम्या काचपेटीपुढे रडत बसली. मी पडलो वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक. म्हटलं, मासे गेले तर जाऊ देत, आपण रानातली झाडं पाण्याखाली जगवू. शशिकला म्हणाली, आधी कुंडीतली तुळस जगवून दाखवा.

७ ऑगस्ट
कर्नाळ्याच्या रस्त्याकडेचा आघाडा, टाकळा आणि केना मुळासकट आणला, पेटीत वाळूत रोवला, वर पाणी. कामाला येणारी भामा कमरेवर हात ठेवून हसली. म्हणाली, गवत बुडवायला कालेजात शिकावं लागतं व्हय? आमचं भात दरसाल बुडतं, त्याला कोन पगार देत नाय.

१२ ऑगस्ट
सगळं कुजलं. घरभर मेलेल्या उंदराचा वास. चूक माझी, एकदम बुडवलं. माणूससुद्धा एकदम बुडवला तर मरतो. हळूहळू बुडवला तर त्याला नोकरी म्हणतात.
नवी रोपं आणली. आता रोज बोटभर पाणी वाढवायचं, नोंदवही सईकडे. तिला समजावलं, की रोप आधी जुनी पानं टाकतं, मग पाण्याजोगी नवी फुटतात, पातळ, जवळजवळ आरपार दिसणारी. पानं गळली म्हणून घाबरायचं नाही. तिनं गंभीरपणे मान डोलावली. नव्या शाळेत तिच्याशी कुणी बोलत नाही, असं शशिकला म्हणते. मी म्हटलं, रुळेल हळूहळू.

२९ ऑगस्ट
केना जगला! डोक्यावर टीचभर पाणी, तरी दोन नवी पानं. सईची वही तपासली. आघाडा, मेला. टाकळा, मेला. केना, आहे. चौथं नाव: सई. पुढे सेकंद: वीस, पस्तीस, साठ, दोनशे. विचारलं तर म्हणाली, पिंपात डोकं घालून बसते, रोज थोडं जास्त. मी हसलो. आमच्या विभागात इतकी प्रामाणिक नोंद कुणी ठेवत नाही. पिंपावर झाकण ठेवायला सांगितलं.

६ सप्टेंबर
उशीवर सईचे केस, मूठमूठ. दोन नखंही गेली. डॉक्टरांनी लोहाचं टॉनिक दिलं. ती आनंदात आहे. म्हणते, बाबा, घाबरू नका, ही जुनी आहेत.

१३ सप्टेंबर
शाळा बंद. हवा टोचते म्हणते. कातडी इतकी पातळ, की मनगटातलं रक्त वाहताना दिसतं. शशिकला तिला पुण्याला न्यायला निघाली. खोपोलीच्या घाटात, एस.टी.त, सईचा श्वास अडकला. ओला टॉवेल तोंडावर दाबला तेव्हा सुटला. माघारी आणली. मी पिंप रिकामं केलं. अर्ध्या तासात ओठ निळे. पुन्हा भरलं. मीच भरलं.

१७ सप्टेंबर
कालपासून पिंपातच. डोकं वर येत नाही. बुडबुडे नाहीत. तरी डोळे उघडे, छाती हलत नाही, ती मात्र — आहे. भामानं पाहिलं, चपला इथेच टाकून पळाली. शशिकला एवढंच म्हणाली, की हे तुम्ही शिकवलंत.
खरं आहे.

१९ सप्टेंबर
काचपेटी फोडली. काय उपयोग.
हाक मारली तर वळत नाही. खिडकीतून ऊन येतं तिकडे वळते.

२१ सप्टेंबर, सकाळ
शशिकला डॉक्टरांना आणायला गेलीय. सईनं हात वर काढला, माझा डावा हात धरला. उजव्यानं लिहितोय. किती दिवसांनी — ओळखते पोर अजून. सई म्हटलं. डोळे उजेडाकडेच.
ओढत नाही. नुसती वर सरकतेय. मनगट. कोपर — इतकी लांब बोटं नव्हती तिची — दोन वेढे —
हिसडा दिला तर सुटेन. पण तुटतील ती, ओल्या देठासारखी, माझ्या लेकीची — मी कसा —
खांदा —