अकरा चरखे आणि डॉक्टरांचा एक

हुडकेश्वर, नागपूर

ती. जयवंताताईस, दुखऱ्या गुडघ्याला धक्का न लावता सुमंतचा पायावर नमस्कार.

स्कॉटलंडचा चरखा खरा केवढ्याला पडला सांगतो: दोन वर्षांची पत्रापत्री, ठेवायला गच्चीवरची खोली आणि बायकोचा आठवडाभराचा अबोला. पण आता सात देशांचे अकरा झाले. सगळ्यांना वार्निश मारलं, तोंड दिसतं त्यांत. अख्ख्या विदर्भात असे कोणाकडे नाहीत.

इकडे सगळे मजेत. तू गोळ्या वेळेवर घेतेस ना?

रविवारी चरख्यांचं प्रदर्शन झालं. धंतोलीच्या मधुकरराव डॉक्टरांनी आपला एकुलता नॉर्वेचा चरखा आणला, अगदी कळकट. बसले आणि पायाने चालवत सूत काढू लागले. सगळी गर्दी तिकडेच. माझे कान तिखट, मागून एक बाई म्हणाली, "याचे अकरा पाह्यले वं, पण एकही चालून नाही राहिला."

मी हसून डॉक्टरांना चहा पाजला. तेव्हापासून जेवण गोड लागून नाही राहिलं.

येत्या रविवारी मीही कातून दाखवतो, असं सर्वांसमोर बोलून बसलोय. आईने कातणं तुलाच शिकवलं. शुक्रवारी गाडी घेऊन येतो, तयार राहा.

तुझा,
सुमंत

ता. क. वार्निशमुळे चाकावरची दोरी घसरते. अकराही चरख्यांची.