शेजारच्या सीटचा ब्रेक

३ मार्च, सोमवार
इलेक्ट्रिक सायकल आली. काळी, देखणी. पॅडल मारलं की मोटर मागून जरासा हात लावते, एवढंच. वेगाला कंपनीनेच लगाम घातलेला आहे, म्हणून कायद्याच्या लेखी ही साधी सायकल. लायसन्स नको, नंबर प्लेट नको, विमा नको. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये वीस वर्षं मी हेच शिकवतोय, मला कोण काय सांगणार?
संकल्प: रोज सायकलने कामावर. महिन्याभरात पोट आत.
हिचं म्हणणं, पोट घालवायला बिनमोटरची सायकलही चालली असती. हिला टेक्नॉलॉजीतलं काही कळत नाही.
संध्याकाळी टीव्हीवर गाड्यांचा पाठलाग चालला होता. वळणावर मी नेहमीप्रमाणे पाय आपटला. हिच्या अंगठ्यावर. शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर बसतो त्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो, आणि माझा पाय अर्धं आयुष्य त्या ब्रेकवरच राहिला आहे. ही म्हणाली, निदान घरातली वाहतूक तरी सोडा.

६ मार्च
सगळे पुढे जातात. स्कूटर, रिकामा टेम्पो, भाजीवाल्याची तीनचाकी. आज एका गाडीने मागून हॉर्न दिला, काच खाली आली, आतून दोन पोरी ओरडल्या की सर, जमतंय ना? दोघींना गाडी मीच शिकवली. एकीला तर गिअर आणि हँडब्रेक यातला फरक कळायला आठवडा लागला होता. हात वर करून हसलो. घरी येईपर्यंत कान तापलेले होते.

८ मार्च
गॅरेजवाल्याकडे गेलो. फक्त विचारायला.
त्याच्या मते लगाम काढणं अगदी किरकोळ काम. लगाम काढून वर मोटरला जादा जोर देणारा कंट्रोलरही बसवून देतो म्हणाला. कंट्रोलरच्या डब्यावर मोठ्या अक्षरात छापलं होतं: फक्त खासगी जागेत वापरावे. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. तो म्हणाला, बरोबर आहे, सगळे खासगी जागेतच वापरतात. एवढं बोलून तो इतका गोड हसला की मला माझीच लाज वाटली.
काम करून घेतलं. विचारायला गेलो होतो हे मात्र खरं.

९ मार्च, रविवार. सकाळी ७
अहाहा!
पॅडलवर नुसता पाय ठेवायचा अवकाश, सायकल सुटते. त्या दिवशीचा रिकामा टेम्पो आज मागे टाकला. हेल्मेट घातलं नाही. सायकलवर एवढं मोठं हेल्मेट घातलं तर लोकांना वाटायचं हा काहीतरी लपवतोय.
सकाळी सहाला रस्त्यावर कुणी नसतं. कुणी नसेल तर ती एका अर्थी खासगी जागाच.

१२ मार्च
आजचा दिवस नको होता.
थिअरीचा तास. सगळ्यात पुढच्या बाकावर ब्रेकताई. हे नाव मीच ठेवलेलं, अर्थात मनातल्या मनात. पन्नाशीच्या बाई, कबुतर दिसलं तरी ब्रेक मारतात. दोनदा टेस्टमध्ये नापास. मिस्टरांची नजर अधू झाली, त्यांना आठवड्यातून तीनदा दवाखान्यात न्यावं लागतं, आणि गाडी दारात धूळ खात उभी. म्हणून या वयात शिकतायत. येत्या २८ तारखेला तिसरी टेस्ट.
तर ब्रेकताईंनी विचारलं, इलेक्ट्रिक सायकलचा वेग कुणी वाढवून घेतला तर?
मी उत्तर दिलं. मला सगळं पाठ आहे, न देऊन सांगतो कुणाला. म्हटलं, मग ती सायकल राहत नाही, ती मोटरसायकल होते. नोंदणी हवी, प्लेट हवी, विमा हवा, हेल्मेट हवं. यातलं काही नसेल तर गाडी जप्त, लायसन्स निलंबित. कुणाला लागलं तर विमा कंपनी हात वर करते आणि केस चालवणाऱ्यावर.
हे बोलत होतो तेव्हा खिडकीबाहेर माझी सायकल उभी होती. उन्हात चमकत होती मेली. ब्रेकताईंनी सगळं उतरवून घेतलं आणि म्हणाल्या, सर, तुमच्याकडे शिकलं की भीती राहत नाही. मी फळा पुसायला वळलो. स्वच्छ फळा बराच वेळ पुसला.

१५ मार्च
चौकात ट्रॅफिक पोलिसाने अडवलं. पाचावर धारण बसली. मोटर बंद करून मी धापा टाकायला लागलो, जणू आत्ताच डोंगर चढून आलोय. त्याने मला निरखून पाहिलं आणि खाडकन सॅल्यूट ठोकला. माझाच जुना विद्यार्थी! म्हणाला, सर, तुम्ही या वयात सायकल चालवता, लोकांनी आदर्श घ्यावा.
पुढच्या गल्लीपर्यंत खरोखर पायांनी चालवली. त्या सॅल्यूटपेक्षा दंड झाला असता तर बरं.
पक्कं ठरलं. सोमवारी लगाम परत बसवणार. कानाला खडा.

१७ मार्च, सोमवार
गॅरेज बंद.

१८ मार्च
गॅरेज उघडं. पण गिऱ्हाईक फार होतं. खरं म्हणजे एकच होतं. पण बराच वेळ घेणारं वाटलं.

१९ मार्च
ब्रेकताईंनी आज सबंध बाजारपेठेतून गाडी काढली. कबुतरं होती, ब्रेक मारला नाही. गाडी लावल्यावर स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत राहिल्या. या वेळी पास होणारच. मी त्यांना सांगितलं की माझा पाय आज ब्रेकवर नव्हताच. होता. तसा तो कायमच असतो.
उतरताना त्यांनी विचारलं, पायी चालताना रस्ता ओलांडायची अजून धाकधूक वाटते, काय करू? मी म्हटलं, दोन्हीकडे बघा, झेब्रावर पाऊल टाका, बाकी जबाबदारी येणाऱ्याची.

२१ मार्च
लिहिण्यासारखं काही नाही.

२२ मार्च
लिहितो. डोकं शांत ठेवून, घडलं तसं.
काल सकाळी वेग माफक होता. म्हणजे फार नव्हता. स्कूलसमोरच्या झेब्रावर ब्रेकताई एकदम आल्या. मी पूर्ण ताकदीने ब्रेक दाबला. हे मी शपथेवर सांगेन. ब्रेक दाबला आणि सायकल थांबण्याऐवजी पुढे झेपावली. यंत्रात दोष असणार. कंपनीला खरमरीत पत्र लिहिणार.
त्यांचं मनगट मोडलं. मला कोपराला खरचटलं.
पोलीस आले. सायकलचा धक्का, म्हणून सायकलकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. ब्रेकताईंना विचारलं तर म्हणाल्या, चूक माझीच, मी नीट बघितलं नसणार, सर कसे चुकतील?
मी तिथेच उभा होतो. काही बोललो नाही. कोपराला झोंबत होतं, हे एक कारण.

२४ मार्च
त्यांना भेटायला गेलो. सफरचंदं नेली. हात गळ्यात अडकवलेला, प्लास्टर कोपरापर्यंत. मिस्टर खुर्चीत, माझ्या आवाजाच्या दिशेने बघत होते. शेजाऱ्यांना गाडी काढायला वेळ नव्हता म्हणून त्यांची दवाखान्याची खेप चुकली.
टेस्ट पुढे ढकलू, मी म्हटलं. ब्रेकताई म्हणाल्या, ढकलायची नाही, सोडूनच दिली. ज्या बाईला पायी रस्ता ओलांडता येत नाही तिने गाडी चालवू नये. दोन्हीकडे बघितल्यासारखं आठवतंय, पण बघितलं नसणार, आणि आता आपल्याच डोळ्यांचा भरवसा वाटत नाही.
मी म्हटलं, असं मनाला लावून घेऊ नका. एवढंच म्हटलं! त्यांनीच एका हाताने कापलेलं सफरचंद खाल्लं आणि आलो.
उद्या सांगतो.

२५ मार्च
आज त्या विश्रांती घेत असतील.

२६ मार्च
गॅरेजमध्ये जाऊन लगाम परत बसवून आणला. आता ही पुन्हा साधी सायकल आहे. कुणी तपासली तरी काही सापडणार नाही. मोकळं वाटायला हवं होतं.

२८ मार्च
टेस्टचा दिवस. ब्रेकताईंच्या वेळेला त्यांच्याऐवजी एक नवखा तरुण शिकायला घेतला. पहिल्याच वळणावर तो भिंतीकडे निघाला. माझा पाय आपसूक खाली गेला, गाडी थांबली. तरुण थँक्यू थँक्यू करत होता आणि मी आपल्या पायाकडे बघत बसलो.
त्या दिवशी मी हाताने ब्रेक दाबलाच नव्हता.
सायकलचे ब्रेक हँडलला असतात, शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. मी पाय दाबला. पूर्ण ताकदीने. पायाखाली पॅडल होतं, आणि पॅडल दाबलं की मोटर ढकलते. लगाम मी काढून घेतलेला. म्हणजे समोर ब्रेकताई दिसल्यावर मी वेग वाढवला.
कंपनीला लिहिलेलं पत्र फाडलं. लाज वाटते. दुसरा शब्द सुचत नाही.

२९ मार्च
हिला सगळं सांगितलं. ही भांडेल असं वाटलं होतं, भांडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, हे त्या बाईंना सांगितलं का? मी म्हटलं, योग्य वेळ बघतोय. ही म्हणाली, बाजारात कळलं, त्यांनी गाडी विकायला काढली आहे, उद्या माणूस बघायला येणार आहे. ती योग्य वेळ तुम्हाला चालेल का बघा. एवढं बोलून कपडे वाळत घालायला गेली.

३० मार्च, रविवार. सकाळी ७
भाषण तयार केलं. सुरुवात वाहतूक सुरक्षेपासून, मग मानवी सवयींचा विचार, मग ओघात आपला मुद्दा. माणूस स्वतःहून चूक कबूल करतो तेव्हा लोकांच्या मनात त्याची किंमत वाढतेच.

त्याच दिवशी, दुपारी
गाडी बघायला आलेला माणूस बॉनेट उघडून उभा होता. भाषण आठवेना. म्हटलं, सायकलचा वेग मी वाढवून घेतला होता, आणि ब्रेक समजून पॅडल दाबलं, तुमची काही चूक नव्हती.
मला वाटलं त्या रडतील, किंवा हाकलून देतील. त्यांनी प्लास्टरचा हात झोळीत नीट ठेवला. मग म्हणाल्या, म्हणजे मी बघितलं होतं. दोन्हीकडे बघितलं होतं.
मी हो म्हटलं.
त्यांनी गाडी बघायला आलेल्या माणसाला सांगितलं की गाडी विकायची नाही. मला काहीच सांगितलं नाही. दार मात्र आपटलं, ते चांगल्या हाताने.

३१ मार्च
स्वतः पोलीस चौकीत गेलो. सॅल्यूटवाला विद्यार्थीच ड्यूटीवर होता. आधी त्याला थट्टाच वाटली. मग गुन्हे लिहायला लागला: विनानोंदणी, विनाविमा, विनाप्लेट, विनाहेल्मेट, बेदरकारपणे चालवून दुखापत. वाहनात बेकायदा बदल हा त्याच्याकडून राहिला होता, मी आठवण केली. शिकवलेलं विसरतात, काय करणार! लगाम परत बसवला होता तेही सांगितलं. त्यासाठी त्याने नवीन कागद घेतला.
सायकल जप्त. या खेपेला सॅल्यूट नाही.

४ एप्रिल
लायसन्स निलंबित. स्कूलच्या मालकांनी शिकवायच्या गाडीतून उतरवलं. ओरडले नाहीत. फळ्यावरचा तास तेवढा चालू ठेवा म्हणाले, म्हणून वर्गात गेलो, तर मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं की सर, पॅडल कुठलं आणि ब्रेक कुठला? वर्ग हसला. मीही हसलो. नंतर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

२० मे
मालकांकडून कळलं. प्लास्टर निघाल्यावर ब्रेकताईंना त्यांनी स्वतः शिकवलं. आज टेस्ट होती. पास. परीक्षक म्हणे म्हणाला, इतक्या सावध बाई क्वचित बघायला मिळतात.
अभिनंदन करायला फोन उचलला. ठेवून दिला. काही कारण नाही, हिंमत झाली नाही.

११ जून
कोर्टाची तारीख. ब्रेकताई साक्षीला आल्या होत्या. जे घडलं ते सांगितलं, तिखटमीठ नाही आणि दयामायाही नाही. दंड झाला, लायसन्स आणखी वर्षभर गेलं. मी वकिलाकरवी सांगितलं की गुन्हा मान्य आहे. वकिलाला माझ्या तयार भाषणाची गरज पडली नाही.
बाहेर बसस्टॉपवर उभा होतो. एक गाडी बरोबर पांढऱ्या पट्टीच्या आत, धक्का न देता थांबली. असं थांबायला मीच शिकवलं होतं. स्टिअरिंगवर ब्रेकताई, मागे त्यांचे मिस्टर. त्यांना दवाखान्यात सोडायचं होतं, वाटेत माझी गल्ली. बसा म्हणाल्या.
शेजारच्या सीटवर बसलो. वीस वर्षांच्या सवयीची जागा. गाडी छान चालवत होत्या, अगदी माझ्यापेक्षा छान. पहिल्या चौकात एक स्कूटर आडवी आली आणि माझा पाय धाडकन खाली गेला. रबरी चटईवर. त्यांचा पाय त्याआधीच ब्रेकवर होता, गाडी थांबलेली होती.
दुसऱ्या चौकात पुन्हा तेच झालं. तेव्हा त्यांनी रस्त्यावरची नजर न काढता सांगितलं की तिकडे ब्रेक नाही. सर म्हणाल्या नाहीत.
घर येईपर्यंत दोन्ही गुडघे हातांनी धरून बसलो.