रेडिओची तिसरी वायर

पाथर्डी,
दि. १९ डिसेंबर १९७१

प्रिय मित्र सूर्यभान यास गहिनीनाथचा रामराम.

लढाई थांबल्याची बातमी ऐकली. तू जिथं असशील तिथं सुखरूप असावास. तुझं शेवटचं पत्र वीस नोव्हेंबरचं. लंकावहिनी पोस्टमनला रस्त्यातच गाठतात, म्हणून तो बिचारा आता तुमच्या वस्तीची वाटच टाळतो.

घरची मंडळी ठीक आहेत. गोजरमावशी न्हाणीपाशी पाय घसरून पडल्या, मनगट दुखावलं आहे. काळजीचं कारण नाही. पाऊस यंदाही नव्हता. बाजरी हातची गेली. पाणी पाऊण मैलावरून आणावं लागतं.

तू रजेवर होतास तेव्हा मी तुला रेडिओ करून दिला होता, त्याबद्दल थोडं लिहायचं आहे. कंपनीचा सेट परवडेना म्हणून जुन्या बाजारातले व्हॉल्व्ह जमवून मी पत्र्याच्या डब्यात बसवले होते. आवाज खणखणीत निघाला, तेव्हा मीच फुशारकी मारली, की पलटणीत शिकलेलं काम वाया गेलं नाही.

सहा तारखेला वहिनींचा निरोप आला, डब्याला हात लावला की मुंग्या येतात. मी त्याच दिवशी जायला हवं होतं. पण लढाईमुळं जो तो रेडिओ दुरुस्तीला घेऊन येत होता, दुकानात उभं राहायला जागा नव्हती. मी उलटा निरोप धाडला, 'कोरड्या हाताने लावा, दोन दिवसांत येतो.'

सूर्यभान, वर मी खोटं लिहिलं. मावशी घसरल्या नाहीत.

आठ तारखेला वहिनी पाण्याला गेल्या होत्या. मावशी आंघोळ करून ओलेत्यानेच बातम्यांना बसल्या. आपल्या लेकाच्या पलटणीचं काही सांगतील म्हणून आवाज वाढवायला गेल्या. बटण निघून गेलेलं, नुसती लोखंडी दांडी राहिलेली. ती धरली आणि फेकल्या गेल्या. मनगट मोडलं. दोन बोटांची टोकं काळी पडली. फेकल्या गेल्या म्हणून वाचल्या.

मी पोचलो आणि बल्ब लावून पाहिलं. एक वायर डब्याला, दुसरी न्हाणीच्या ओलीत ठोकलेल्या सळईला. बल्ब लख्ख पेटला. आतल्या एका कंडेन्सरमधून आधी थोडा करंट गळत होता, म्हणून मुंग्या; मग तो पुरता शॉर्ट होऊन सगळी लाईन डब्यात उतरली. कंडेन्सर कुणाचाही खराब होतो. पण डब्याची तिसरी वायर जमिनीत गेलेली असती तर करंट तिकडून उतरला असता. ती वायर मी पकडीने कापली होती. तुमच्या बोर्डाला दोनच भोकं होती आणि तुला एस.टी. गाठायची होती. तू विचारलंही होतंस, "ही हिरवी कशाला?" मी म्हणालो, "जास्तीची आहे."

सेट दुकानात नेतो म्हटलं, तर वहिनी दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"भावजी, ह्यो डबा हितून हलायचा न्हाई. चावडीवर रेडिओ हाय, पन तितं बाप्यामान्सांत मी कुटं बसू? काय करायचं ते हितंच करा. बातम्या लागायच्या आत."

मग तिथंच कंडेन्सर बदलला, डब्याचा रंग खरवडून नवी तिसरी वायर स्क्रूने आवळली, तीन भोकांचा बोर्ड बसवला. परसात कमरेएवढा खड्डा खणून तांब्याची पट्टी पुरली, वर कोळसा आणि मीठ. लाईन आणि खड्ड्याची वायर यांच्यात बल्ब धरला, तर आतली तार नुसती लालसर झाली. जमीन ठणठणीत कोरडी. अशा अर्थिंगचा उपयोग काय?

वहिनींनी भरलेली घागर आणून खड्ड्यात ओतली. बल्ब थोडा चढला. दुसरी ओतली, तेव्हा नीट पेटला. आता त्या रोज सकाळ-संध्याकाळ एकेक घागर खड्ड्याला घालतात. पाऊण मैलावरची.

तरी डब्याला हात लावायला कुणी धजेना. शेवटी मी अनवाणी, ओल्या जमिनीवर उभा राहिलो आणि दोन्ही तळवे पत्र्यावर ठेवून पूर्ण बातम्या होईपर्यंत हललो नाही. मावशींनी खाटेवरून विचारलं, "काय म्हनला रं? पलटनीचं काय सांगितलं?" खरं सांगतो, मला एक शब्द ऐकू आला नव्हता.

असे आणखी तीन सेट मी विकलेत. सायकलवर जाऊन दोन नीट केले. तिसरा माणूस बिऱ्हाड घेऊन ऊसतोडीला गेला आहे, त्याचा पत्ता शोधतो आहे.

मावशींनी मला बजावलंय, "सूर्याला कळवू नगं. तिकडं त्याचं चित्त हलंल. मी घसरले, आसंच म्हन." वस्तीलाही त्यांनी तेच सांगितलं. निघताना मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. डाव्या हाताने वाढत होत्या. उजव्या हाताच्या त्या काळ्या बोटांना अजून काही कळत नाही. डॉक्टर बघू म्हणतात.

मावशींचा शब्द मी मोडतो आहे. तू घरी येशील तेव्हा तो हात बघून आईला विचारशील आणि ती तुझ्याशीही खोटं बोलेल. माझ्यासाठी तिने ते करू नये.

हे वाचून तुला राग येईल, यावा. पण पत्र मिळाल्याबरोबर वहिनींना दोन ओळी टाक, जिवंत आहेस एवढंच. आणि मनात येईल ते सगळं मला लिही. एकही शब्द गाळू नकोस.

तुझ्या शिव्यांची रोज वाट पाहणारा,
गहिनीनाथ